नवे ब्रेक

"काका, नवे पॅड आणि डिस्क एकमेकांच्या अंगवळणी पडायला हवेत. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, ब्रेक दाबा, पण गाडी पूर्ण थांबू देऊ नका. असं पुन्हा पुन्हा करा. फक्त शेजारी कुणाला बसवू नका, माणूस घाबरतो," मेकॅनिक म्हणाला.

"बसवायला आहे कोण आता!" काका हसले.

रिकाम्या रस्त्यावर त्यांनी कितीदा तरी ब्रेक दाबला. "अहो, हळू!" म्हणून एकदाही कुणी ओरडलं नाही.

परत आल्यावर मेकॅनिक गाडीत डोकावला. "ब्रेक झकास बसलेत. पण शेजारच्या सीटपुढचं मॅट पार झिजलंय. पायाखाली भोक पडलंय बघा. बदलू?"

"नको रे, ते राहू दे. ही तिथून ब्रेक दाबायची."