ताईंची शिसारी

भावजय फडताळाच्या दाराआड उभी राहून खातेय, हे ताईंना नुसत्या आवाजावरून कळलं. मचमच, मचमच. मग बोटं चाटल्याचा आवाज. ताईंनी शिलाई मशीन थांबवलं. ई! माणूस आहे की कोण!

"काय चाललंय गं तिकडे?"

"काही नाही ताई, पावाचा तुकडा उरला होता." भावजय बाहेर आली. हनुवटीवर लोणी. पुसायचंही भान नाही.

ताई बायकांचे कपडे शिवायच्या. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर. सगळा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात गेलेला, पण या बाईपुढे टेपनेही हात टेकले होते. धाकटा भाऊ नोकरीसाठी परगावी, आणि बायको ताईंच्या गळ्यात. लग्नात ताईंनी तिला हौसेने शिवून दिलेला कोट आता दंडातच अडकत होता.

डॉक्टरांकडे ताईच तिला ओढत घेऊन गेल्या होत्या. त्यांनी भूक कमी करायच्या गोळ्या दिल्या, पण शंभर अटी घालून. सकाळी एकच घ्यायची. काही त्रास झाला तर लगेच कळवायचं. घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, रक्तदाबवाल्यांनी तर मुळीच नाही.

"तुम्हाला रक्तदाब आहे ना?" डॉक्टरांनी ताईंना विचारलं. "मग लांबच राहा."

ताईंना हसू आलं. त्यांच्यासारख्या काडीपैलवान बाईला भूक मारायची गोळी कशाला हवी!

आठवड्याभरात भावजयीच्या छातीत धडधडायला लागलं. डॉक्टरांनी गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या, उरलेल्या परत आणून द्या म्हणाले. "मी देते नेऊन," असं म्हणून ताईंनी पाकीट घेतलं आणि बटणांच्या डब्यात तळाशी दडपलं. धडधडतंय म्हणे! खायला सोकावलेल्या बाईची नाटकं ही.

दुसऱ्या सकाळपासून ताईंनी आपलं औषध सुरू केलं. चहा भावजय करायची, गाळायच्या ताई. भावजय ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत असली की कात्रीच्या मुठीखाली चुरून ठेवलेली गोळी तिच्या कपात. कडू लागू नये म्हणून वर साखर, चांगली ढवळून. तो कप खिडकीच्या बाजूला ठेवायचा आणि दुकानाचं दार उघडायला जायचं. परत येईपर्यंत भावजय खिडकीशी बसून फुर्र फुर्र करत चहा ओढत असायची. बघवत नसे, तरी ताई बघायच्या. शेवटच्या घोटापर्यंत.

कधीतरी मनात यायचं, हिचं काही बरंवाईट झालं तर? पण मग भावजय बशीत सांडलेला चहाही चाटूनपुसून प्यायची, आणि ताईंची दया तिथेच आटायची.

टेप मात्र हलेना. ताईंनी एकीच्या दोन गोळ्या केल्या.

आता तर तिच्यासमोर जेवणंही अशक्य झालं. तिच्या गालफडात फिरणारा बटाट्याचा लगदा, नखांत अडकलेलं पीठ, घामाने चिकट झालेला गळा. उचललेला घास ताई परत ताटात टाकायच्या. ताट सरकवून त्या उठायच्या. चहासुद्धा गोडमिट्ट लागायचा. पातेल्यातच मूठभर साखर ओतत असणार ही सटवी! पण बोलायला जावं तर आपलंच बिंग फुटायचं. ताई नाक दाबून तो घोटायच्या. रात्री भिंतीपलीकडून तिचं घोरणं यायचं आणि ताई संतापाने तळमळत पडायच्या. डोळ्याला डोळा लागत नसे.

"ताई, किती वाळलात हो!" एक गिऱ्हाईक म्हणालं.

"हिच्याबरोबर राहून बघा," ताई फणकारल्या. "अन्नाची वासनाच उडते."

भावजयीने ते ऐकलं. संध्याकाळी ती वाटीत गरम सूप घेऊन मशीनपाशी आली.

"दोन चमचे तरी घ्या ना, ताई. तुम्हाला असं बघून मला कसंतरीच होतं."

"आधी तू खायची थांब. मग मी खाईन."

भावजय मागे फिरली. सूप परत घेऊन गेली. तेही तिनेच संपवलं असणार, दुसरं काय!

त्या रात्री ताईंनी बटणांचा डबा उपसला. चारच गोळ्या राहिल्या होत्या. होऊ दे एकदाचं काय ते. सकाळी त्यांनी चारही एकदम चुरल्या, वर साखर चेपली आणि कप खिडकीपाशी ठेवला.

दार उघडून त्या परत आल्या तेव्हा भावजयीने चहा संपवत आणला होता. ताईंनीही आपला कप तोंडाला लावला. गोड, आणि आज वर कडवटही. चहापूड जाळली वाटतं हिने! त्यांनी तोंड वाकडं करत तो संपवला आणि मशीनवर जाऊन बसल्या. मशीन चालेना. काळीज नुसतं उडत होतं. आता भीती वाटत होती त्यांना, खरीखुरी. चार गोळ्या. ही पडली तर भावाला काय तोंड दाखवायचं? घाम फुटला. त्या भिंतीला धरून कशाबशा स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

भावजय धडधाकट उभी होती. फक्त डोळे भरलेले.

"तुला... बरं आहे ना गं?"

"मला काय धाड भरलीय! पण तुम्ही किती पांढऱ्या पडलात!" तिने धावत येऊन ताईंना आधार दिला, खुर्चीवर बसवलं. "ताई, रागावू नका, एक सांगते. वरवर मला बोलता, पण रोज माझ्याच कपात साखर ढवळता, ते कळतं मला. तुम्ही अशा खंगत चाललेल्या, मग तो चहा माझ्या घशाखाली कसा उतरेल? तुम्ही दार उघडायला गेलात, की मी रोज आपले कप बदलते."