ट्रेलरची पहिली फेरी

बाळाला पाळणाघरात न्यायला लेकीने इलेक्ट्रिक सायकलच्या मागे ट्रेलर जोडला. "नातू नंतर. आधी मी बसणार," म्हणत हाडकुळे बाबा हट्टाने त्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले.

सपाट रस्त्यावर सगळं सुरळीत होतं. उतार लागला तसा ट्रेलर मागून ढकलायला लागला आणि हँडल डुगडुगलं. तेवढ्यात मागे खट्‌कन आवाज झाला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. समोर बघ. दोन्ही ब्रेक हळूहळू दाब."

आवाज अगदी रोजच्यासारखा होता, म्हणूनच तिचे हात कसेबसे स्थिर राहिले. खाली पोचून सायकल थांबली, तेव्हा कुठे तिने मागे पाहिलं. ट्रेलरचा दांडा सायकलला जोडणारी पिन निसटून पडली होती. बाबा अर्धे बाहेर ओणवून दोन्ही हातांनी सायकलचं कॅरियर घट्ट धरून होते. तळवे सोलवटले होते. आखडलेली बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली.

"बाबा, ओरडायचं तरी!" ती रडतच म्हणाली.

"ओरडलो असतो, तर त्या उतारावर तू मागे वळून बघितलं असतंस."