वनानं पसंत केलेला डबा

वनाच्या मुलीचं जावळ काढलं, तो एक्याण्णवचा उन्हाळा. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एका दिवसावर आली होती आणि असोद्याच्या मळ्यातल्या घरात कौतिक आईच्या अंगावर ओलं फडकं फिरवत होता. यशोदाबाईला ऊन लागलं होतं. सकाळपासून ती कुणाला ओळखत नव्हती.

“कूलर बंद पडू देऊ नका, नाहीतर हाती लागायच्या नाहीत,” असं डॉक्टर बजावून गेले. ते फाट्यापर्यंतही पोचले नसतील, तोच वावटळ उठली आणि घरात येणारी वायर खांबापाशी तुटली.

शेजारचा उखर्डू मोटरसायकल काढून वनाला आणायला जळगावला गेला. वना हा कौतिकचा धाकटा भाऊ, वीज खात्यात वायरमन.

घरात जनरेटर होता, पण त्याच्यासोबत आलेला डबा बिघडला होता. लाल दिवा लुकलुकायचा, शिट्टी वाजायची आणि जनरेटर बंद. डबा वनानंच पसंत केला होता. “लाइन गेली का हा आपोआप घर लाइनीपासून तोडतो, जनरेटरचा करंट बाहेर खांबाकडे जात नाही. मेन स्विचले हात लावाचं कामच नाही,” असं तो चारचौघांत सांगायचा. तेव्हापासून मेन स्विच कुणी ओढलाच नव्हता. फाल्गुनात गॅरंटी संपली, चैत्रात डबा बसला. दुरुस्ती होत नाही, नवा घ्या, असं कंपनीनं कळवलं. वनाला वाईट वाटेल म्हणून कौतिक त्याला काही बोलला नव्हता.

अय्युब मेकॅनिकनं डबा उघडला. आत काळं डांबर ओतलेलं.

“कोणी उघडून दुरुस्त करू नये म्हणूनच भरलंय हे, भाऊ. आणि एवढे दिवे, एवढ्या शिट्ट्या? लग्नाचा मांडव हाये का हा?”

“माय चालली अन् तुले मस्करी सुचते.”

“तोंड चालतंय, तसे हातही चालतात ना माझे.”

त्यानं डबा तोडून बाजूला टाकला, जनरेटरच्या वायरी सरळ घराच्या बोर्डात दिल्या आणि दोरी ओढली. कूलर घुमू लागला. अय्युब पुढच्या कामाला निघून गेला.

बऱ्याच वेळानं यशोदाबाईनं डोळे उघडले. पाणी मागितलं. मग म्हणाली, “वना आला का रे?”

कौतिकला रडू फुटलं.

तेवढ्यात वना खिडकीशी आला. खांद्यावर दोर.

“माय कशी हाये?”

“बोलली. तुलेच विचारते.”

वनानं जनरेटरचा आवाज ऐकला आणि हसला. “पाह्य भाऊ! घेताना त्या डब्याले नावं ठेवत होता. आज त्यानंच मायले वाचवलं.”

कौतिकनं कोपऱ्यात पडलेल्या डब्याकडे पाहिलं. अशा वेळी भावाचं मन कशाला मोडायचं?

“हो रे. पण रॉकेल सरत आलं.”

“ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज काढूनच आलो. वायर जोडतो अन् येतो मायपाशी.”

कौतिक आत वळला. आईच्या कानाशी वाकून म्हणाला, “आला.”

यशोदाबाई त्या दुखण्यातून उठली आणि पुढं नऊ वर्षं जगली. वना आखाजीच्या आदल्या दुपारी, घराकडची वायर हातात धरली त्याच क्षणी, खांबावरच गेला.