वेदीवरचं लाल कापड

“ही बोली आता पोटात ठेव. ओठावर आली की लोक काठ्या काढतात.” साठ वर्षांपूर्वी मिशनच्या बोर्डिंगच्या दारात आई एवढंच बोलली आणि पाठ फिरवून गेली. तो आवाज विमलबाईला अजून ऐकू यायचा. हातात एकसुरी काम असलं की हमखास.

आज तसंच काम होतं. उद्या पवित्र आत्म्याचा सण, येशूच्या शिष्यांवर अग्नीच्या जिभा उतरल्या आणि ते नाना बोल्यांत बोलू लागले त्या दिवसाचा. चर्चच्या ओसरीत बाया लाल कागदाच्या अग्निजिभा कापत बसल्या होत्या. उद्या त्या छतावरून दोऱ्यांनी लोंबायच्या. फादरांनी यंदा एक नवं काढलं होतं. प्रभूची प्रार्थना ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या बोलीत म्हणायची. केरळच्या सिस्टरनं मल्याळममध्ये, तांड्यावरच्या परमेश्वर नावाच्या पोरानं बंजाऱ्यांच्या गोरमाटीत, फादरांनी स्वतः वसईकडच्या बोलीत. मराठीसाठी विमलबाईचं नाव कुणी न विचारताच लिहिलं गेलं होतं. तिच्याइतक्या ओव्या या चर्चच्या अख्ख्या धर्मग्रामात कुणाला येत नव्हत्या. आताही कात्रीच्या तालावर ती गुणगुणत होती :

धवळा ग पारवा, वळचणीला बसे
पुसेना कुनाला, गाव तुजं कोनचं असे

मुक्ताबाई म्हणाली, समद्या बोल्या झाल्या, पारध्याची तेवढी राहिली. तिच्या शेजारणीनं लगेच सुचवलं की मग आधी वेदीवरच्या समया कुलपात घाला. बाया हसल्या. विमलबाईही हसली. अशा वेळी ती इतरांच्या किंचित आधीच हसायची.

तेवढ्यात मागच्या अंगणात गलका उठला. वेदीवर घालायचं लाल कापड सकाळी धुऊन दोरीवर टाकलं होतं, ते गेलं होतं. सापडलं ते तिथंच, हौदाजवळ. फाट्यावरच्या पालातली एक पारधीण हौदाच्या सावलीला बसली होती, आणि तिनं ते कापड भिजवून मांडीवरच्या लेकराभोवती गुंडाळलं होतं.

फादर दुसऱ्या गावी मिस्सेच्या उपासनेला गेलेले, म्हणून सगळा कारभार धुळाजी मास्तरांकडे होता. मास्तर धर्मशिक्षक, आणि विमलबाईच्या नातीचे होणारे सासरे. उद्या मिस्सा झाली की साखरपुडा. सोयरीक जुळवताना मास्तरांनी मूळ गाव, मूळ घराणं, सगळं खोदून विचारलं होतं. विमलबाईनं धारूरकडचं एक गाव सांगून टाकलं होतं.

“कावून घेतलं?” मास्तरांनी पारधिणीला विचारलं.

लेकरू तापलं म्हणून घेतलं, वाळवून पुन्हा टाकणार होते, असं ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. त्यावर मास्तर लोकांकडं बघून म्हणाले, वाळवणार होती म्हणे, पर फाट्यावर नेऊन. कुणीतरी पोलीस चौकीला लावायला फोन काढला. शेरडं हाकायची काठी कुंपणाला टेकून होती, ती गलका ऐकून आलेल्या पोरांपैकी रामेश्वरच्या हातात आली.

काठी बघून ती बाई हौदाला आणखी चिकटली. लेकराचं डोकं छातीशी धरून त्याच्या कानात भराभरा काही पुटपुटू लागली.

“मंतर म्हनती का काय बे ही?” रामेश्वर म्हणाला.

ओसरीच्या पायरीवर विमलबाई उभी होती, हातात कात्री तशीच. साठ वर्षांत ती बोली तिनं ऐकली नव्हती. बाजारात कुठं कानावर पडायला लागली की ती रस्ता बदलायची. तरी प्रत्येक शब्द तिला कळत होता. आता मारतील, ती आई लेकराला सांगत होती. रडू नको. रडलं की जास्त मारतात.

आत नात सिस्टरांबरोबर फुलं बांधत होती. तिचा हसण्याचा आवाज आला. विमलबाईला वाटलं, आत जावं, नातीपाशी बसावं. दार चार पावलांवर होतं.

तिनं कात्री पायरीवर ठेवली. अंगणात उतरली, रामेश्वरच्या काठीच्या आणि त्या बाईच्या मधे उकिडवी बसली, आणि बोलली. दोनतीनच शब्द. जीभ जड झाली होती. पण पारधिणीनं मान वर केली, हिच्या तोंडाकडं, धुवट पांढऱ्या लुगड्याकडं, गळ्यातल्या क्रुसाकडं बघत राहिली. आणि सावकाश, लाल कापडासकट, लेकरू तिच्या हातात दिलं.

लेकराच्या अंगाचा नुसता विस्तव झाला होता. डोळे वर गेलेले.

रामेश्वरनं काठी पाठीमागं घेतली. शेवटी मास्तरच पुढं झाले.

“विमलबाई, तुमाला कशी हो येती हिची बोली?” त्यांनी आवाज खाली घेतला. “बोर्डिंगात शिकलात का? असतील तवा पारध्याच्या पोरी तिथं.”

उत्तर त्यांनी आयतंच हातात दिलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ओसरीतल्या बायाही तेवढ्याचीच वाट बघत होत्या.

विमलबाई लेकराला खांद्याशी घेऊन उठली. कापडातलं पाणी तिच्या पाठीवरून ओघळत होतं.

“शिकले न्हाई, मास्तर. माज्या आईची हाय. मी पारध्याची लेक हाय.” मग मास्तरांच्या तोंडाकडं न बघता ती फाटकाकडं निघाली. “सोयरिकीचं उद्या सांगा. आत्ता गाडी काढा.”