ताकदीचं सलाईन

सुगंधाच्या हातात सुई शिरली तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या जयवंतने हसत स्वतःचा हात पुढे केला.

"घाबरू नको गो. ताकदीचं सलाईन आहे. मलापण तेच."

तिने मान डोलावली. इतकी भोळी कशी, असं त्याला वाटलं.

चेंबूरच्या या उपचार केंद्रात ती दोघं तिसऱ्यांदा आली होती. बेत मुलाचा, नितेशचा. दोघांच्या तपासणीचे रिपोर्ट त्यानेच आणले होते. आईला रक्ताचा कॅन्सर आहे, तिला कळलं तर ती खचेल, असं तो म्हणाला. पप्पांनी सोबत बसून साधं सलाईन घेतलं, तर तिला संशय येणार नाही. संसारात जयवंत तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलत होता.

रेवती सिस्टरने त्याची शीर दोनदा चाचपली. सुगंधाची एकदाच.

"म्हाताऱ्याचेच लाड जास्त," तो म्हणाला. सिस्टर हसली नाही.

पहिल्या खेपेला त्याने डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं होतं. औषध सदाफुलीतलं, हे ऐकून तो हरखला. घाटकोपरच्या घरी गॅलरीत तेलाच्या डब्यात सदाफुलीच होती. सुगंधा रोज तिची फुलं देवाला वाहायची. नुसती पानं चावली तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, पान विषारी. त्यातलं अल्कलॉइड वेगळं काढून मोजून दिलं, तरच औषध.

"घरी लक्ष कशावर ठेवू?"

डॉक्टरांनी त्याच्या बोटांकडे पाहिलं. "बोटं बधिर होतात. शर्टाचं बटण लागत नाही. केसही जातात."

जयवंतला टक्कल जुनंच होतं. तो रोज सकाळी सुगंधाचा कंगवा बघायचा. एक केस जास्तीचा नसे. औषध मानवलंय, असं तो नितेशला सांगायचा. नितेश विषय बदलायचा. "पप्पा, रोज टी-शर्ट? कॉलेजला निघालात?"

"उकडतं रे," जयवंत म्हणायचा.

त्या संध्याकाळी तो गॅलरीत आला. सुगंधा शिवायला बसली होती. तिने पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला. बोटं शाबूत होती. त्याला हायसं वाटलं.

मग त्याने तिच्या मांडीवर पाहिलं. शर्ट त्याचा होता. बटणं काढून ती त्या जागी टिचबटणं शिवत होती.

बटणं लावता येत नाहीत, हे त्याने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.