दहावीनंतर काय?

वडिवळ्याच्या शाळेत दहावीच्या मुलांना पुढच्या शिक्षणाविषयी सांगायला गेले, तेव्हा घरी कुणी नव्हतं म्हणून आठ महिन्यांच्या लेकीलाही सोबत नेलं होतं. ती रडायला लागली, तसं सरांनी मागच्या बाकावरच्या अपेक्षाला हाक मारली, "जा गं, बाळाला बाहेर फिरव जरा."

तासभर मी वर्गाला नर्सिंग, आयटीआय, डिप्लोमा सगळं समजावलं. निघताना पाहिलं, तर लेक अपेक्षाच्या खांद्यावर गाढ झोपलेली. "किती छान जमतं गं तुला!" मी म्हटलं.

दोन वर्षांनी अपेक्षा लोणावळ्यात एका बंगल्याच्या फाटकाशी दिसली. कडेवर मालकांचं बाळ होतं.

"अगं, कॉलेज?"

ती आनंदानं हसली.



"न्हाई गेले, मॅडम. तुमीच म्हणाला व्हता ना, मला ह्ये छान जमतं!"