फोटोत गज नव्हते

कल्पना करा बरं मुलांनो. तुम्ही उकिडवे बसला आहात. पाय पसरायला जागा नाही, उभं राहावं तर डोकं आपटतं. समोर लोखंडी गज आहेत. गजांपलीकडे बिबट्या आहे आणि तो तुमच्याकडेच बघतो आहे. आता श्वास जरा हळू घ्या. जोया तसाच घेत होती.

"घाबरलीस?" नबीनानांनी कुजबुजत विचारलं. नबीनाना म्हणजे जोयाच्या आईचे वडील. तेलगावात त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता.

"न्हाई. पाय लई दुखायलेत."

"माझ्या मांडीला टेक. आन् ओरडायचं न्हाई, बेटा. उन्हं चढली की वनखात्याची माणसं रोज येतात. तवर याला बिथरवायचं न्हाई."

वनखात्याने उसाच्या कडेला पिंजरा लावला, त्याला आता बरेच दिवस झाले होते. वरून पाचट टाकून तो झाकला होता. मागच्या खणात, जाळीआड, आमिष म्हणून करडू बांधलं होतं. ते करडू जोयाचं. नाव शेरू. बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. साजिदमामूने ते तिला न विचारताच देऊन टाकलं होतं. वर थट्टाही केली होती, "तुझ्या शेरूला बघून वाघच पळून जाईल, बघ!"

तेव्हापासून जोया मामूशी बोलत नव्हती. रोज सकाळी नानांचं बोट धरून ती शेरूला पाला घालायला यायची. काल चिखलात ठसे दिसले, म्हणून आज नानांनी कॅमेराही घेतला होता. फोन मात्र घरी चार्जिंगलाच राहिला.

आणि आज पिंजऱ्याचं दार पडलं होतं. घण पडावा तसा आवाज झाला. वस्तीपर्यंत नक्कीच गेला असणार. ते दार एकदा पडलं की बाहेरून दोन माणसांनी उचलल्याशिवाय उघडत नसे.

"बस बस काय करायचं?" नाना म्हणाले. "ये, तुला लांबचं बघायला शिकवतो."

 कॅमेरा साजिदमामूने पुण्याहून आणलेला, वापरलेला, पण डिजिटल. त्याला वर एका कोपऱ्यात छोटी खिडकी होती. तिच्यातून बघून फोटो काढायचा. पण पुढे लांबचं भिंग लावलं, की भिंगाला काय दिसतंय ते त्या खिडकीला कळायचंच नाही. म्हणून नानांनी कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये आरशाची पेटी बसवली होती. पेटी आणि भिंग दोन्ही त्यांच्या तरुणपणीची, हैदराबादेहून आणलेली. नाना ती मखमलीत गुंडाळून ठेवायचे. घरात कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पेटीच्या माथ्यावर दुधी काच होती. भिंगातून आलेलं चित्र आरशावरून उडून त्या काचेवर पडायचं. वरून डोकावायचं, विहिरीत डोकावतात तसं.

जोयाने डोकावलं. नुसत्या डोळ्यांना पाचटात पिवळट काहीतरी दिसत होतं. काचेत ते मिशांसकट उभं राहिलं.

"नाना, त्यानं मान डावीकडं केली!"

"काचेत केली. आरसा डाव्याचं उजवं करतो. मग खरी कुठं केली?"

"उजवीकडं."

"शाबास. आता हे भिंगाचं कडं फिरव. हळू. मिशीचा केस न् केस दिसला की थांब."

जोयाने कडं फिरवलं. मग खटका दाबला. आरसा वर उचलला गेला, काच क्षणभर काळी झाली आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर फोटो उमटला. पिवळे डोळे, फाटका कान, नाकावरची माशीसुद्धा.

"नाना, गज कुठं गेले?"

खरंच, फोटोत एकही गज नव्हता.

"विरघळले," नाना हसले. "लांबच्या भिंगाचं असंच असतंय. त्यानं दूर नजर लावली की नाकापुढचं त्याला दिसतच न्हाई. धूर होऊन जातंय."

"मग फोटो बघून कुणालाबी वाटंल, हा मोकळाच हाय."

 नानांनी तिची ओढणी नीट केली.

तेवढ्यात बांधाकडून हलगी वाजायला लागली.

"दार पडलं रे! गावला, गावला!" ऊस ओलांडून माणसांचा गलका आला. त्यात साजिदमामूचा आवाज ओळखू येत होता. "ये जोये! कुठं हायेस बे? तुझा शेरू न्यायला चल!" आणि मध्येच पिपाणी वाजली. पिपाणी गुफरानची, जोयाच्या धाकट्या भावाची. मामूने त्याला खांद्यावर घेतलं असणार.

नानांचा चेहरा उतरला. "येऊ नका म्हणावं यांना," ते पुटपुटले. मग सगळा जीव एकवटून ओरडले. त्यांचा आवाज हलगीखाली बुडून गेला. पाठीमागे शेरू केविलवाणा ओरडत राहिला.

जोयाने काचेत पाहिलं. बिबट्याने मान वळवली होती. खांदे खाली गेले होते आणि शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. तो डावीकडे बघत होता.

काचेत डावीकडे. म्हणजे खरं उजवीकडे. उजवीकडे बांध होता.

जोयाने नानांकडे पाहिलं. नानांनी होकारार्थी मान हलवली.

तिने ते जपलेलं भिंग पेटीसकट दोन्ही हातांनी उचललं आणि समोरच्या गजांवर जिवाच्या आकांताने आपटलं. काच फुटून तिच्या पायाशी सांडली. हलगी थांबली. त्या शांततेत जोयाने गजांना तोंड लावलं आणि ओरडली,

"मामू, माघारी फिरा! बिबट्या भाईरच हाय! त्याला बघून आत शिरलो, पिंजऱ्यात आमी हाव!"